चौघी एकट्या

चार बायका एका काउंटरसमोर शेजारी शेजारी उभ्या असल्या तरी त्या एकट्या असू शकतात, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. उज्जैनमध्ये, देवास गेटजवळच्या एका मध्यम हॉटेलात, भर दुपारी. त्याआधी हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, कॉलेजात नाही, आणि बँकेच्या परीक्षेत गणिताचे शंभर प्रश्न सोडवले त्यातही हा कुठे आला नव्हता.

आम्ही चौघी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावच्या. तिथल्या कन्या शाळेत आठवी ते दहावी एका बाकावर बसलो. बाक तिघींचा होता, त्यामुळे कडेला बसणारी अर्धी हवेत असायची. ती कडेची जागा आम्ही तासागणिक बदलून घ्यायचो, कोणावर अन्याय नको म्हणून. दहावीनंतर एक नर्सिंगला गेली, ती आता सरकारी दवाखान्यात आहे. दुसरी अंगणवाडीत लागली. तिसरीचं निकालाआधीच लग्न ठरलं आणि ती घरी शिवणकाम करू लागली. मी पुढे शिकले. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. त्यांनी आणि आईनं मला कसं शिकवलं हे मी इथे सांगत बसत नाही, पण मी पदवीधर आहे हे मला अजूनही कधी कधी सकाळी उठल्यावर नव्यानं आठवतं आणि बरं वाटतं.

बँकेच्या मुलाखतीला मी जो ड्रेस घातला होता तो त्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीनं शिवला होता. कापड तिच्या लग्नात आहेरात आलेलं. "कॉलर बसली पाहिजे, साहेब लोक कॉलर बघतात," म्हणत तिनं ती कॉलर तीनदा उसवली. मला नोकरी लागली, बदल्या होत होत मी उज्जैनला आले, इथल्याच माणसाशी लग्न झालं, नानाखेड्याला दोन खोल्यांचा संसार सुरू झाला. ती तिथेच, त्याच शिवणयंत्रावर.

मागच्या दिवाळीत चौघींनी फोनवर एकमेकींची तोंडं बघत गप्पा मारल्या. प्रत्येकीनं आपल्याला काय हवंय ते सांगायचं ठरलं. नर्सला विमानात बसायचं होतं. अंगणवाडीवालीला एकदा पोटभर समुद्र बघायचा होता. शिवणकामवाली म्हणाली, "मला काही नको. फक्त एकदा अशा खोलीत उठायचंय, जिथे सकाळचा चहा मला करायचा नाही. कोणी तरी आणून द्यायचा. मी आपली अंथरुणातच बसलेली."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

"बावीस वर्षं झाली. माहेरी गेले तरी वहिनीच्या हाताखाली मीच उठते. बाळंतपणात दवाखान्यात मिळाला होता एकदा, पण तेव्हा टाके होते."

मी तिथल्या तिथे बोलून गेले, "उज्जैनला या. खोली मी बघते. एक रात्र, चौघी एका खोलीत."

माझ्या घरी का नाही, असं कोणी विचारील. माझ्या घरी आली असती तर तासाभरात ती स्वयंपाकघरात शिरून पोळ्या लाटायला बसली असती आणि सकाळी माझ्या सासूबाईंच्या आधी उठली असती. घर म्हटलं की तिचे हात आपोआप चालू लागतात. तिला हॉटेलच हवं होतं.

अडचण तिच्या सासूची होती. ही बाई आमच्या गप्पांमध्ये नेहमी दबक्या आवाजात यायची. अक्षरओळख नाही, पण सगळं घर तिच्या एका खाकरण्यावर चालतं. सुनेला एक रात्र परगावी, तेही हॉटेलात, धाडायचं म्हणजे तिच्या दृष्टीनं काय असेल याची मला कल्पना होती. दोन महिने विचार करून तिनं सुनेला माझा फोन लावायला सांगितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तू बँकेतली ना? तू रात्री सोबत असशील?"

"असेन, मावशी."

"खोलीत?"

"खोलीत. शब्द देते."

"मग येऊ दे तिला."

माझ्या 'शब्द देते' या दोन शब्दांवर सगळं उभं होतं. मी तिच्यासोबत असेन, म्हणून ती येणार होती.

मग मी खोली शोधायला लागले. उज्जैनमध्ये परवडणारी खोली मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. शनिवार-रविवारी आणि सोमवारी भाविकांची इतकी गर्दी असते की साधी लॉजसुद्धा तोंड वर करून भाव सांगते. म्हणून मी मंगळवारची रात्र धरली, मंगळवार-बुधवारची रजा टाकली. फोनवर फोटो बघितले, लोकांची मतं वाचली, चादरी स्वच्छ असतात का यावर कोण काय म्हणतं ते वाचलं. शेवटी देवास गेटजवळची एक चार पलंगांची खोली ठरवली, जी चौघींत वाटल्यावर कोणालाच जड जाणार नव्हती. वर फोन करून गिझर, लिफ्ट, खिडकी असं सगळं विचारलं.

"और सुबह की चाय? कमरे में मिलेगी?"

"मिलेगी मैडम, बेड टी. सात बजे."

"पक्का?"

पलीकडचा माणूस हसला. "चाय का क्या पक्का-कच्चा मैडम, आ जाइए."

मी बुकिंगचा कागद छापून घेतला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला. चौघींच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स त्याच क्रमानं लावल्या, प्रत्येकीवर टपालानं सही मागवून. बँकेत माझं कामच ते आहे. लोकांचे पत्ते, फोटो, सह्या तपासणं, जुळतंय का बघणं, न जुळल्यास परत पाठवणं. माझी फाइल परत यायचा प्रश्नच नव्हता.

मंगळवारी दुपारी एक वाजता इंदूरहून येणाऱ्या बसमधून त्या तिघी उतरल्या. पहाटे पाचला घरून निघालेल्या. नर्सच्या खांद्यावर मोठी पिशवी, अंगणवाडीवालीच्या हातात उरलेल्या दशम्यांचा डबा, आणि शिवणकामवाली नव्या साडीत. साडीची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती.

"काय गं मॅडम," नर्स म्हणाली, "गाडी पाठवली नाहीस आम्हाला न्यायला?"

"दोन पायांची पाठवलीय," मी म्हटलं, आणि आम्ही चालत निघालो. शिवणकामवाली वाटेत एकदाच बोलली. "सासूबाई चार वाजता फोन करणार आहेत. खोली मिळाली का विचारायला."

"मिळालेलीच आहे," मी फोल्डर दाखवला.

काउंटरमागे पन्नाशीचा एक माणूस होता. कपाळावर चंदन, बोलणं अत्यंत गोड. मी कागद पुढे केला.

"जी बहनजी, जी. साथ में कौन है?"

"हम चार हैं."

"वो तो दिख रहा है. साथ में कौन है?"

मी मागे वळून पाहिलं. मागे काचेचा दरवाजा होता आणि त्याच्यापलीकडे रस्ता.

"जेंट्स," त्यानं समजूत घातल्यासारखं सांगितलं. "गाड़ी लगा रहे हैं क्या?"

"जेंट्स कोई नहीं है."

"अच्छा." त्यानं पेन खाली ठेवलं. "मतलब अकेली हैं."

"चार हैं," मी म्हटलं.

"हां हां. चारों अकेली."

मला खरंच वाटलं की तो चेष्टा करतोय. मी हसायला तोंडही उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

नर्सला राग आला की ती फार हळू बोलते. ती पुढे आली. "भैया, मैं वार्ड में तीस मरीज अकेली सँभालती हूँ. उसमें आधे जेंट्स रहते हैं. तब तो कोई नहीं पूछता, साथ में कौन है."

"सिस्टरजी, आपकी बात सही है. पर मालिक का नियम है. लेडीज अकेली हों तो हम नहीं देते. कल को कुछ हो गया तो?"

"काय होणार?" अंगणवाडीवालीनं मला मराठीत विचारलं. "आम्ही काय करू असं वाटतंय त्याला?"

मी फाइल उघडली. चारही झेरॉक्स, बुकिंगचा नंबर, माझं बँकेचं ओळखपत्र, सगळं काउंटरवर मांडलं. त्यानं आदरानं एकेक कागद पाहिला. माझ्या कार्डापाशी तो थांबला.

"मैडम, आपका तो लोकल है."

"हां. मैं यहीं रहती हूँ."

"फिर तो बिलकुल नहीं हो पाएगा. लोकल आईडी पर हम कमरा देते ही नहीं. कोई नहीं देता."

"क्यों?"

"लोकल को होटल की क्या जरूरत? घर है ना."

मी विचारलं, समजा मला मैत्रिणींसोबत राहायचं असेल तर? तो काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग नजर खाली घेऊन म्हणाला, "मैडम, आप तो समझदार हैं."

आणि मला समजलं. गावातली बाई, गावातल्याच हॉटेलात, सोबत आणखी तीन बायका, पुरुष नाही. त्यानं वाईट शब्द एकही उच्चारला नव्हता. त्यानं तो विचार केला होता आणि माझ्या समजूतदारपणावर सोडून दिला होता. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत, इतक्या गावांत, इतक्या काउंटरांच्या दोन्ही बाजूंना उभी राहिल्यावर मला असं कधी झालं नव्हतं. मी शेजारी पाहिलं. शिवणकामवालीला हिंदी चांगलं कळतं. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच लक्षात आली आणि मला जवळजवळ हसू आलं. उज्जैनला बदली झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी धावपळ करून माझ्या आधारवरचा पत्ता बदलून घेतला होता. माझ्या शाखेतले कितीतरी जण वर्षानुवर्षं जुन्या पत्त्यावर चालवतात. मी नियमानं वागले. आळस केला असता तर कार्डावर खानदेशातलं गाव राहिलं असतं, मी बाहेरची ठरले असते, आणि निदान त्या एका अडचणीतून सुटले असते.

"एक काम कीजिए," तो माणूस म्हणाला. तो दुष्ट नव्हता, असं मला आजही वाटतं. "घर से किसी को बुला लीजिए. या फोन पर बात करा दीजिए किसी जेंट्स से. तो मैं इन तीनों को दे दूँगा. आप शाम को घर चली जाइएगा."

घर से किसी को बुला लीजिए.

मी तिथल्या सोफ्यावर जाऊन बसले. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझ्याच आवाजात.

मागच्या हिवाळ्यात माधवनगरच्या आमच्या शाखेत एक बाई आली होती. साठीच्या पुढची, सुती साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. तिला स्वतःच्या नावानं खातं उघडायचं होतं. मी कागद चाळले. सगळे होते, सगळे जुळत होते. पण रांग मोठी होती, फॉर्म लांबलचक होता, आणि तिला एकेक रकाना समजावून सांगायला वेळ लागणार होता. मी म्हटलं, "अम्मा, घर से किसी को ले आइए, फिर कर देंगे." तिनं विचारलं, "अकेली का नहीं होता क्या?" मी म्हटलं, "होता है, होता है. किसी को ले आइए." तिनं कागद पुन्हा त्या पिशवीत घातले, पिशवीचं तोंड दोनदा गुंडाळलं, आणि गेली. तसा कुठलाही नियम नव्हता. ती परत आली नाही. आता मी ते वाक्य कोणाला म्हणत नाही, पण त्याचा तिला काही उपयोग नाही.

हॉटेलवाल्याकडे निदान मालकाचा नियम होता. माझ्याकडे तोही नव्हता. त्या सोफ्यावर मला जो धक्का बसला तो त्याच्यामुळे कमी आणि माझ्यामुळे जास्त होता.

"लाव ना नवऱ्याला फोन," नर्स माझ्या शेजारी येऊन बसली. "एका मिनिटाचं काम आहे."

माझा नवरा नक्की हो म्हणाला असता. तेच मला नको होतं. आणि त्यानं हो म्हणूनही माझा पलंग मला मिळणार नव्हताच. माझा शब्द मोडणारच होता.

मी नानाखेड्याच्या दोन हॉटेलांना फोन केला. दोघांनी पहिला प्रश्न तोच विचारला. एका धर्मशाळेत विचारलं, तिथे "परिवार के साथ" असं उत्तर आलं. साडेतीन वाजले. शिवणकामवाली माझ्याजवळ आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "जाऊ दे गं. चारची इंदूरची बस धरली तर तिथून रात्रीची गाडी मिळेल. सिस्टर येईल माझ्यासोबत."

"म्हणजे रात्रभर बसमध्ये बसून एकट्या गेलो तर चालतं," नर्स म्हणाली, "आणि कडी लावून झोपलो तर नाही."

"मला सासूबाईंना खोटं सांगता येत नाही. त्या आवाजावरून ओळखतात. तू रात्री नसणार, हे मी लपवू शकणार नाही." तिनं साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. "चहाचं काय, घरी गेल्यावर घेऊच की."

ती हे इतक्या साधेपणानं बोलली की मला त्या काउंटरवर काही तरी आपटावंसं वाटलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चारला पंधरा मिनिटं कमी होती. तिच्या फोनचा कानाशी लावायचा आवाज बिघडलेला आहे, ती सगळ्यांशी स्पीकरवरच बोलते. त्यामुळे पुढचं सगळं त्या हॉटेलच्या काउंटरपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

"पोचल्या का गं?"

"हो आई."

"जेवल्या?"

"दशम्या खाल्ल्या."

"खोली मिळाली?"

तिनं माझ्या फोल्डरकडे पाहिलं.

"मिळाली का नाही?"

"नाही देत, आई. सोबत माणूस नाही म्हणतात."

"कुठला माणूस?"

"कुठलाही. पुरुष माणूस."

"कुठलाही? म्हणजे रस्त्यावरचा एक धरून आणला तरी चालतो?"

अंगणवाडीवालीला हसू आवरेना, तिनं डबा तोंडाशी धरला. काउंटरमागचा माणूस कागद बघायला लागला.

"दे त्याला," सासू म्हणाली.

"आई, नको..."

"दे म्हणते ना."

तिनं फोन काउंटरवर ठेवला, जसा गरम तवा ठेवावा तसा.

"माताजी, प्रणाम."

"राम राम. तू क्या बोलता है?"

"माताजी, ऐसा है कि लेडीज अकेली हों तो घर के किसी जेंट्स से बात हो जाए..."

"मेरे घर के जेंट्स मेरेको पूछ के बाहर जाते. तू मेरेसे बात कर."

"जी."

"वो मेरी बहू है. मैंने भेजी. मेरी मर्जी से भेजी. कौन भगा के नहीं लाया उसको. समझा?"

"जी माताजी, वो बात नहीं..."

"वही बात है. खोली दे उसको. और सुन. सुबे उसको चाय देना. पलंग पे देना. शक्कर कम."

माझ्या मैत्रिणीचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. आधी तो लाल झाला आणि मग पांढरा. दिवाळीत ती आमच्याशी बोलत होती तेव्हा सासू आतल्या खोलीत होती. दरवाजा लोटलेला होता. सासू झोपलीय असं सुनेला वाटलं होतं. सासूनं सगळं ऐकलं होतं आणि इतके महिने एका शब्दानं दाखवलं नव्हतं. आणि शक्कर कम! बावीस वर्षं जी बाई सुनेच्या हातचा चहा घेत होती, तिनं सून स्वतःच्या कपात किती साखर घालते तेही बघून ठेवलं होतं.

"बँकवाली कुठंय?" फोनमधून आवाज आला.

मी पुढे झाले. "इथंच आहे, मावशी."

"तू हायेस ना रात्री?"

हो म्हणणं सोपं होतं. ती तीनशे किलोमीटरवर होती. पण मैत्रीण माझ्याकडे बघत होती.

"मावशी, मला राहू देत नाहीत. माझ्या कार्डावर इथलाच पत्ता आहे. इथे राहणाऱ्याला इथे खोली देत नाहीत."

"गावच्या माणसाला गावात झोपायला बंदी?"

"हो."

काउंटरवरच्या पंख्याचा आवाज येत होता. मी शब्द दिला होता आणि तो मी तिच्या तोंडावर परत घेत होते. माझी पदवी, माझी नोकरी, माझं फोल्डर, ज्याच्या जोरावर तिनं मला विचारलं होतं, ते सगळं तिथे काउंटरवर पडलेलं होतं.

"कडी आहे का आतून?" सासूनं विचारलं.

"काय?"

"खोलीला. आतून कडी. जा, बघून ये. मी धरते."

मी त्या माणसाकडे पाहिलं. त्यानं मुकाट्यानं किल्ली दिली. लिफ्टची वाट न बघता मी दोन जिने चढले. खोली उघडली. चार पलंग, पांढऱ्या चादरी, एक खिडकी. दाराला वर एक कडी, मध्ये एक, आणि खाली बोल्ट. तिन्ही लावून बघितल्या, काढून बघितल्या. धापा टाकत खाली आले.

"तीन आहेत, मावशी. वरची जरा कडक आहे, पण लागते."

"सिस्टरला जमेल का लावायला?"

"मला तीस मरीज जमतात, मावशी," नर्स पुढे वाकून म्हणाली.

"मग राहू दे," सासू म्हणाली. "तू घरी जा, बँकवाले. सकाळी येऊन बघ तिला."

त्या माणसानं रजिस्टर ओढलं. 'साथ में' नावाच्या रकान्यात त्यानं फोनवर नाव विचारून माझ्या मैत्रिणीच्या सासूचं नाव लिहिलं. मी ती अक्षरं उमटताना बघत होते. माझी सही रोज शेकडो कागदांवर चालते. ती इथे चालली नाही. जिला सही येत नाही तिच्या आवाजावर खोली मिळाली. माझं शिक्षण मला नकोसं झालं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण शिकलं की माणसाचा शब्द आपोआप वजनदार होतो, असं मी लहानपणापासून धरून चालले होते, आणि ते त्या दुपारी माझ्या हातातून निसटलं.

संध्याकाळपर्यंत मी त्यांच्यासोबत खोलीत बसले. आम्ही दशम्या संपवल्या, खिडकीतून रस्ता बघितला, शाळेतल्या बाईंच्या नकला केल्या. आठ वाजता खालून फोन आला, "मैडम, विज़िटर का टाइम हो गया." मी उठले. चौथा पलंग तसाच, चादरीला सुरकुती नाही.

"आज कडेची जागा तुझी," अंगणवाडीवाली म्हणाली.

मी उतरले तेव्हा वरून तिन्ही कड्या लागल्याचा आवाज आला. तिन्ही मोजल्या.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तो इथलाच, त्याचं मराठी अर्धं हिंदीच्या वळणाचं. "अगं, मला फोन लावून घ्यायचा ना. मी बोलून दिलं असतं."

"म्हणूनच नाही लावला," मी म्हटलं. त्याला ते नीट कळलं नाही. मी समजावलंही नाही, कारण मलाही ते नीट सांगता आलं नसतं.

सकाळी पावणेसातला मी पुन्हा त्या काचेच्या दारातून आत गेले. काउंटरवर व्हिजिटरची वही होती. नाव, पत्ता, किससे मिलना है, संबंध. माझ्याच गावात, माझ्याच पत्त्यासकट मी पाहुणी म्हणून सही केली.

खोलीत दोघी झोपल्या होत्या. शिवणकामवालीनं कड्या काढून मला आत घेतलं आणि पुन्हा पलंगावर ताठ बसली, आंघोळ झालेली, केस विंचरलेले, हात मांडीवर.

"कधी उठलीस?"

"पाचला. जाग येतेच." ती कुजबुजली. "बसून राहायचं कठीण आहे गं. दोनदा चादरीच्या घड्या केल्या. मग आठवलं, त्या आपल्याला करायच्या नाहीत, म्हणून पुन्हा पसरल्या."

सात वाजून दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली. एक म्हातारा माणूस स्टीलच्या ट्रेमध्ये कप घेऊन आला. ती उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. तिनं दोन्ही हातांनी कप घेतला, जसा देवळात प्रसाद घेतात तसा, आणि पहिला घोट घेतला.

"कसा आहे?"

तिनं विचार केला. "पाणचट. आणि साखर भरमसाठ."

"दुसरा मागवू?"

"नको." ती घोटघोट पीत राहिली. साडी नवी, पाय पांघरुणात. नर्सनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

कप रिकामा व्हायच्या आत फोन वाजला. स्पीकरवर.

"मिळाला का गं?"

"मिळाला, आई."

"पलंगावर?"

"पलंगावर."

"कसा होता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला खोटं सांगता येत नाही.

"पाणचट, आई."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला, मग काही तरी बशीत ओतल्याचा. मग एक भुरका ऐकू आला.

"माझाही," सासू म्हणाली, आणि फोन ठेवला.